'जोर लावा' म्हणणारे क्लायंट आणि दुखणारे अंगठे

प्रश्न असा आहे: "मी २६ वर्षांची, नाशिकला असते. सहा महिन्यांचा पंचकर्म सहायकाचा कोर्स केला, आठ महिने एका सेंटरला काम करतेय. दिवसाला सहा-सात फुल बॉडी मालिशी होतात. दोन्ही अंगठे आणि उजवं मनगट रात्री ठणकतं. तरीही निम्मे क्लायंट म्हणतात, 'जोर कमी पडतोय.' पुढे घरोघरी जाऊन स्वतःचे क्लायंट घ्यायचे आहेत. जोर कसा वाढवू? तेल कोणतं घेऊ? आणि कुणाला मालीश करायची नाही, हे कसं ओळखू?"

वयाने माझ्या मुलीएवढी आहेस म्हणून 'तू' म्हणते. अंगठ्यापासून सुरुवात करू, कारण तुझे बाकीचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

मी पुण्यात २२ वर्षं हे काम करतेय. त्याआधी कोल्हापुरात मावशीच्या हाताखाली बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालायचे. मावशी सत्तरीतही दिवसाला तीन बाळंतिणी करायची आणि तिचे हात कधी दुखले नाहीत. मी पुण्यात सेंटरला लागले आणि दीड वर्षात माझा उजवा अंगठा गेला. चपातीची कणीक मळता येईना. मावशी पाटावर बसून, सगळं अंग पुढे-मागे झुलवत मालीश करायची. मी मात्र उंच टेबलाशी ताठ उभी राहून नुसत्या दंडाच्या ताकदीने दाबत होते. दोघींत एवढाच फरक होता, पण तो कळायला मला अंगठा गमवायची वेळ आली.

तेव्हा जोर वाढवू नकोस. जोर लावणं बंद कर आणि वजन टाकायला शीक.

घरी वजनकाटा असेल तर हे आज रात्रीच करून बघ. काटा मांडीएवढ्या उंचीच्या टेबलावर ठेव. आधी नेहमीसारखी उभी राहा, हाताच्या ताकदीने १५ किलो दिसेपर्यंत दाब आणि तसंच दहा सेकंद धर. आकडा खालीवर होईल, खांदे कानाजवळ जातील, श्वास अडकेल. आता एक पाय पुढे, एक मागे घे. गुडघे सैल, कोपर सरळ पण आखडलेलं नको, तळहाताची टाच काट्यावर. हाताने काहीच करू नकोस, फक्त कमरेपासून पुढे झुक. तेच १५ किलो आपोआप येतील आणि आकडा एका जागी राहील. काट्याला जे कळतं तेच क्लायंटच्या पाठीला कळतं. थरथरता दाब वरच्यावर टोचतो आणि अंग त्याला आखडून उत्तर देतं. स्थिर दाब आत उतरतो. महिनाभर रोज पाच मिनिटं कर, म्हणजे डोळे मिटूनही दहा किलो आणि वीस किलो यांतला फरक तुझ्या हाताला सांगता येईल.

यासाठी टेबलाची उंची बरोबर हवी. टेबलाशेजारी उभी राहून हात सैल सोड आणि मूठ वळ. मुठीची पेरं गादीला अलगद टेकली पाहिजेत. गादी त्याहून वर असेल तर वजन टाकताच येत नाही, मग अंगठे कामाला लागतात. आपल्याकडच्या लाकडी द्रोणी, म्हणजे पंचकर्माची टेबलं, बऱ्याचदा उंच असतात आणि त्यांचे पाय कमी करता येत नाहीत. तसं असेल तर सुताराकडून लांबरुंद फळी करून घे आणि तिच्यावर उभी राहा. फळीखाली रबराची चटई हवीच, तेलाच्या खोलीत नुसती फळी सरकते.

अंगठ्याच्या मुळाशी खोगिरासारखा सांधा असतो. तो सगळीकडे फिरतो, म्हणूनच तो भार घ्यायला बनलेला नाही. टोकाशी दिलेला दाब मुळाशी कित्येक पटींनी वाढून पोचतो. अंगठ्याने फक्त शोधायचं. गाठ कुठे आहे, स्नायू कुठे दोरीसारखा झालाय, हे अंगठा सांगेल. ते सैल करायचं काम मुठीची पेरं, तळहाताची टाच, फोरआर्म (कोपर ते मनगट हा भाग) आणि मोठ्या अंगाच्या माणसाला कोपर यांचं. पाठ, मांड्या, पोटऱ्या आणि नितंब हे चारही भाग फोरआर्मने होतात. अंगठा मान, तळहात आणि तळपायापुरता ठेव. तिथेही एका अंगठ्यावर दुसरा ठेवून आणि अंगठा सरळ रेषेत धरून, मागे वाकवून नाही. तळपायाला काशाची वाटी उत्तम. वाटी आपल्या मावश्या-आज्यांनी अंगठे वाचवायला शोधली होती की काय असं मला कधीकधी वाटतं.

मनगटाचं आत्ताच तपासून बघ. अंगठा मुठीत घे आणि मूठ करंगळीच्या बाजूला झुकव. अंगठ्याच्या मुळाशी सणकून कळ आली तर तिथल्या स्नायुबंधाच्या आवरणाला सूज असण्याची शक्यता आहे. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री बधिर होत असतील तर मनगटात नस दबत असेल. दोन्हींत हाडांच्या डॉक्टरांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा. स्वतःवर तेल चोळत बसू नकोस. दिवसाला सहा-सात फुल बॉडी हे कुणाच्याही हाताला जास्त आहे. मी इतकी वर्षं चारवर थांबते, आणि दोन मालिशींच्या मध्ये निदान वीस मिनिटं ठेवते. सेंटरशी बोलताना 'मला झेपत नाही' म्हणू नकोस. चौघांना नीट दिलं तर चौघे परत येतात, हे सांग.

आता 'जोर कमी पडतोय' याचा खरा अर्थ बघू. माझ्या अनुभवात दहापैकी सात वेळा त्याचा अर्थ 'हात फार भराभर चालतोय' असा असतो. कमरेपासून मानेपर्यंत तळहात जायला आठ ते दहा सेकंद लागू देत. घड्याळ लावून एकदा कर, तुला तो वेळ भयंकर लांब वाटेल. पडून राहिलेल्याला वाटत नाही. दोन वेळा अर्थ असतो की तेल जास्त झालंय. पाठीवर तेलाचं तळं असलं की हात घसरतो आणि स्नायू पकडीत येत नाही. राहिलेल्या एका वेळी खरंच जास्त दाब हवा असतो.

एकदा एसटीचे एक निवृत्त चालक आले होते. अंगाने पैलवान, जन्म घाटात गाडी चालवण्यात गेलेला. आडवे होताच म्हणाले, "ताई, लाजू नका, रगडून काढा. मला काही होत नाही." डाव्या खांद्याच्या फऱ्याच्या आत, कण्याच्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती. मी तिथे कोपर ठेवलं आणि हळूहळू वजन सोडलं. तोंडाने ते "अजून, अजून" म्हणत होते. पण टेबलाच्या टोकाला त्यांच्या पायांची बोटं आत वळली होती आणि श्वास थांबला होता. मी वजन निम्म्याने काढलं आणि कोपर तिथेच ठेवून थांबले. न हलवता, साधारण अर्धा मिनिट. मग एकदम मोठा श्वास सुटला, पायाची बोटं उघडली आणि गाठ कोपराखाली लोणी पातळ व्हावं तशी सरकली. उठल्यावर म्हणाले, "हां, हा खरा जोर." त्यांना मी दिला तो दाब ते मागत होते त्याच्या निम्मा होता.

म्हणून माणूस काय बोलतो यापेक्षा पाय, मूठ, कपाळ आणि श्वास बघ. सोसण्याची पट्टी दहाची धरली तर सहा-सातच्या वर जायचं नाही. सुरुवातीलाच सांग, "दुखून बरं वाटतंय तोवर ठीक, श्वास रोखावा लागला की मला थांबवा." दुसऱ्या दिवशी अंग थोडं जड वाटणं चालतं, काळंनिळं पडणं चालत नाही. वळ उठले म्हणजे चांगली मालीश झाली, असं काही पैलवानी तालमीतून शिकलेले लोक मानतात. तालमीतला पोरगा विशीतला असतो आणि रोज मेहनत करतो. तुझ्या टेबलावर साठीची शिक्षिका आहे.

दिशेचा घोळ तुझ्या मनात नक्की असणार, कारण कोर्समध्ये दोन गोष्टी शिकवतात. अभ्यंगात अनुलोम, म्हणजे केसांच्या दिशेने, वरून खाली. स्वीडिश पद्धतीच्या मालिशीत उलट, पायाकडून हृदयाकडे, रक्त परत जायला मदत व्हावी म्हणून. माझ्या मते भांडण दाबाचं आहे, दिशेचं नाही. अभ्यंगात तेल जिरवायचं असतं, दाब हलका, तेव्हा अनुलोम योग्यच. पोटऱ्या-मांड्यांवर खोल दाब द्यायचा असेल तेव्हा खालून वर जा आणि येताना हात नुसता पिसासारखा आण. सांध्यांवर गोल. कण्यावर कधीच नाही, कण्याच्या दोन्ही बाजूंनी. पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, कारण मोठं आतडं उजवीकडून वर चढतं, आडवं जातं आणि डावीकडून उतरतं.

स्पाच्या तक्त्यावरची एफ्लुराज, पेट्रिसाज असली नावं पाहून बिचकू नकोस. नावं फ्रेंच आहेत आणि ती रुळवली योहान मेझगर नावाच्या एका डच डॉक्टरने, एकोणिसाव्या शतकात. माझी मावशी त्यालाच हात फिरवणं, मळणं, चोळणं आणि थोपटणं म्हणायची, आणि त्याच क्रमाने करायची.

काही जागा हातानेच लक्षात ठेव: गुडघ्यामागची खोबण, काख, जांघ, कोपराच्या आतली बाजू, मानेची पुढची बाजू. तिथे मोठ्या शिरा आणि नसा कातडीजवळ असतात. तेल लावून पुढे जायचं, दाबायचं नाही. आणि मान कडाकडा मोडायची नाही, कुणी कितीही हट्ट धरला तरी. सलूनमध्ये मोडून देतात म्हणून लोकांना तो सेवेचा भाग वाटतो. मानेला झटका दिल्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं अस्तर फाटून अर्धांग झाल्याच्या घटना डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत.

तेलाबद्दल लोक फार बोलतात, मी थोडक्यात सांगते. घाण्याचं ताजं तिळाचं तेल बहुतेकांना चालतं. उन्हाळ्यात किंवा उष्ण प्रकृतीच्या माणसाला खोबरेल. म्हातारी माणसं, सांधे आणि कंबरदुखी यांना नारायण किंवा महानारायण तेल. अशक्त, वाळलेल्या अंगाला बला तेल. मोहरीचं तेल नाजूक कातडीला झोंबतं, मी वापरत नाही. संपूर्ण अंगाला ८० ते १०० मिली पुरतं. अभ्यंगात जास्त जाईल, खोल मालिशीत निम्मं. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून तापव, थेट आचेवर नाही. दर वेळी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघ. नव्या क्लायंटच्या हाताला आदल्या दिवशी थेंबभर लावून बघायला सांग, तिळाची ॲलर्जी असणारे लोक असतात. वापरून वाटीत उरलेलं तेल परत बाटलीत ओतायचं नाही, ते फेकायचं. तेलकट पंचे आणि टॉवेल ढीग करून ठेवू नकोस. कुबट वास तर धरतोच, पण तेल मुरलेले कपडे ड्रायरमधून गरम-गरम काढून रचले तर आपोआप पेटूही शकतात. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून त्याच दिवशी भिजव.

आता कुणाला नाही म्हणायचं. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण चुकलेल्या दाबाने माणूस बहुतेकदा नुसता नाराज होतो, पण चुकलेल्या माणसावर दाब दिला तर जीवावर बेतू शकतं.

अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात कफाने ग्रासलेला, शोधन झालेला आणि अजीर्ण असलेला अशा तिघांना अभ्यंग वर्ज्य सांगितलाय. आजच्या भाषेत सांगायचं तर सर्दी-खोकला-ताप अंगात असलेला, नुकतंच वमन-विरेचन (औषधाने उलटी-जुलाब) झालेला आणि भरल्या पोटाने आलेला. हे तिन्ही रोज येतात. जेवणानंतर निदान दोन तास जाऊ देत. ताप असला की सरळ परत पाठवायचं. कातडीवर नायटा, गळवं किंवा उघडी जखम असेल तर तो भाग आणि आजूबाजूचा भाग सोडायचा. संसर्ग पसरलेला असेल तर मालीशच नको.

पुण्यात लागून मला चार वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. एक आजोबा आले, अंग दुखतंय म्हणाले. मी पाठ आणि दंड छान मळले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीने फोटो दाखवले, दोन्ही दंड वांग्यासारखे जांभळे झाले होते. ते रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत होते. त्यांनी सांगितलं नाही, हे खरं. पण मी विचारलं नाही, हे जास्त खरं. त्या दिवसापासून मी वही ठेवते. पहिल्या भेटीला दहा मिनिटं मी हात लावत नाही, फक्त विचारते आणि लिहिते. कोणत्या गोळ्या चालू आहेत, कोणतं ऑपरेशन कधी झालं, बीपी, साखर, हृदय, हाडं ठिसूळ आहेत का, गेल्या महिन्यात कुठे पडलात का, बाई असेल तर दिवस गेलेत का. "गोळ्या घेता का?" असं विचारलंस तर लोक "नाही" म्हणतात. "सकाळी उठल्यावर कोणती गोळी घेता?" असं विचार, मग डबा उघडतो.

साखर असलेल्या माणसाच्या तळपायाला बऱ्याचदा संवेदना कमी असते. तेल पोळतंय की नाही, दाब जास्त होतोय की नाही, ते त्याला सांगता येत नाही. तिथे तुझं मनगट हाच त्याचा तळपाय. आधी बोटांच्या बेचक्यात जखम आहे का ते बघ. फुगलेल्या निळ्या शिरा असतील तर त्यांच्यावर दाब नाही. कर्करोगाचे उपचार चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी आल्याशिवाय हात लावायचा नाही. गरोदर बाईला पहिले महिने मी घेत नाही. नंतर घेतलं तर डाव्या कुशीवर, उशांचा आधार देऊन, पोटाला आणि पायांना खोल दाब न देता, तिच्या डॉक्टरांना विचारून. सिझेरियन झालेल्या बाईच्या पोटाला सहा आठवडे तर नाहीच, पुढेही डॉक्टरांनी टाका बघून हो म्हटल्यावर. बाळंतिणीच्या शेकाबद्दल एक सांगते, कारण घरोघरी जाशील तेव्हा हे दिसेल. दारं-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी ठेवतात. कोळशातून निघणारा, डोळ्यांना न दिसणारा वायू आई आणि बाळ दोघांना मारू शकतो. खिडकी उघडायला लाव. घरातल्या म्हाताऱ्या "वारा लागेल" म्हणून चिडतील, चिडू देत.

आणि पाय. दोन्ही पोटऱ्या आधी डोळ्यांनी बघायच्या, मग हाताच्या पाठीने ऊब बघायची, मगच तेल लावायचं. मी कितीही घाईत असले तरी हे चुकवत नाही.

एक आजी मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने राहून आल्या होत्या. येऊन चार दिवस झालेले. सुनेने फोन केला, "विमानात बसून आईंचे पाय आखडलेत, पोटऱ्यांना चांगलं रगडून द्या." मी चादर बाजूला केली तर डावी पोटरी उजवीपेक्षा स्पष्ट जाड, कातडी ताणून चकचकीत झालेली, हात लावला तर गरम. आजी म्हणाल्या, "तिथेच दुखतंय, तिथेच दाब गं." मी तेलाची बाटली बंद केली. सुनेला बाहेर बोलावून सांगितलं की मी हात लावणार नाही, आत्ता डॉक्टरकडे न्या. त्या म्हणाल्या, "नुसती सूज आहे हो, तुम्हाला करायचं नसेल तर दुसरी बघते." मी तिथेच बसले. रिक्षा बोलावेपर्यंत हलले नाही. संध्याकाळी डॉप्लर तपासणीत, म्हणजे रक्ताचा प्रवाह बघणाऱ्या सोनोग्राफीत, पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. अशी गुठळी रगडल्याने सुटून फुप्फुसात गेली तर माणूस हातचा जातो. त्या आजींची पोटरी मला अजून हाताला आठवते. एकाच पायाला सूज, ऊब, लाली, दुखणं. त्याच्या जोडीला लांबचा प्रवास, ऑपरेशन, बाळंतपण किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळणं. यांतली दोन जरी जुळली तरी हात मागे घे.

कंबर धरलेले लोक "गादी सरकलीय, बसवून द्या" म्हणत येतील. मणक्यांमधली गादी हाताने बसवता येत नाही. आखडलेले स्नायू सैल करून आराम देता येतो, तेवढंच सांग. पण पाय लुळा पडतोय, बसायच्या जागी बधिरपणा आहे, लघवीवर ताबा नाही, असं काही ऐकलंस तर मालीश नाही, थेट हॉस्पिटल. तसंच मालिशीने चरबी वितळते, शरीरातलं विष निघतं असलं काही बोलू नकोस, सेंटरच्या पत्रकात छापलेलं असलं तरी. झोप चांगली लागते, आखडलेपण उतरतं, मन शांत होतं. एवढं खरं आहे, आणि लोक एवढ्यासाठी आनंदाने पैसे देतात.

वाफेबद्दल थोडंसं. पेटीत डोकं बाहेर, कपाळावर ओला गार पंचा, दहा-बारा मिनिटं पुरे. हृदयाचे आजार, न आटोक्यातलं बीपी आणि गरोदरपण असेल तर वाफ नाही. पेटीशेजारून हलायचं नाही.

घरी जाऊन काम करायचं म्हणतेस. माझे नियम साधे आहेत: पूर्वी मी पुरुषांनाही घेतलं, आता फक्त बायकांना आणि मुलांना करते, आणि पहिल्या फोनवरच तसं सांगते. पंचकर्मात पुरुषाला पुरुष आणि बाईला बाई ही पद्धत चांगली आहे, ती सोडायचं काही कारण नाही. तुझं सेंटर उलट करायला लावत असेल तर ते सेंटर सोड. फोनवर वय, तक्रार, घरात आणखी कोण आहे हे विचार. "फुल बॉडी म्हणजे कायकाय?" असा प्रश्न आला की फोन ठेवायचा, समजावत बसायचं नाही. पत्ता आणि वेळ घरच्या एका माणसाला कळवून जायचं. आत गेल्यावर काही विचित्र वाटलं तर "माझं तेल संपलंय" म्हणून बाहेर पडायचं, पैसे बुडाले तरी चालतील. आपल्या कामाला लोक नावं ठेवतात ती असल्या चार जणांमुळे, पण मान खाली घालून वावरायचं कारण तुला नाही. वही, स्वच्छ पांढरा कोट, कापलेली नखं आणि वेळेवर येणं, हे बघून लोक वेगळं बोलायला लागतात.

पांघरूण कायम हवं. ज्या भागावर हात आहे तेवढाच उघडा, बाकी सगळं चादरीखाली. कपडे किती काढायचे ते तिने ठरवायचं, आणि ती बदलेपर्यंत तू खोलीबाहेर. पोट, छातीचा वरचा भाग, मांडीची आतली बाजू आणि नितंब यांना हात लावण्याआधी तोंडाने विचारायचं, दर वेळी, पन्नासाव्या भेटीलाही. नितंबांचं काम मी चादरीवरून फोरआर्मनेच करते. बायकांची कंबरदुखी पुष्कळदा तिथेच असते आणि चादरीवरून ती छान सुटते.

घरी टेबल नसतं आणि पलंग स्प्रिंगचा असला की तुझं सगळं वजन गादीच खाते. जमिनीवर सतरंजी, वर पातळ गादी, वर जुनी चादर घालायला सांग. स्वतःला गुडघ्याखाली उशी घे, नाहीतर मावशीसारखा पाट माग. मग झुलत काम कर. जमिनीवर वजन टाकणं टेबलापेक्षा सोपं जातं, हे तुला पहिल्याच दिवशी कळेल.

पिशवीत तेल, वाटी, दोन चादरी, चार पंचे, वही आणि एक टॉवेल वेगळा, फक्त तळपायांसाठी. मालीश संपली की कुणालाही एकदम उठवायचं नाही, बीपी उतरलेलं असतं आणि गरगरतं. आधी कुशीवर, मग बसतं करायचं, दोन मिनिटं तसंच. तेवढ्यात तू खाली बसून त्या टॉवेलने दोन्ही तळपाय आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पूस. पंचाहत्तरीच्या एक काकू माझ्यासमोर तेलाच्या पायांनी फरशीवर घसरल्या होत्या. मी हात धुवायला वळले होते, तेवढ्यात. काही मोडलं नाही, पण त्यानंतर हात धुवायचे ते काकूंच्या पायात चपला घालून झाल्यावर.